विहीर, पिंप आणि डास : नगर-आरोग्यनीतीचे एक प्रकरण

गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेल्या कोपरगावास पाण्याची ददात नसावी, असे नकाशा पाहणारास वाटेल. वस्तुस्थिती निराळी आहे. शहराचे साठवण तलाव गोदावरीच्या डाव्या कालव्याच्या आवर्तनावर भरत आले, आणि आवर्तन लांबले की नळाला कित्येक दिवसांच्या अंतराने पाणी येणे तेथील गृहिणींच्या अंगवळणी पडले. त्यामुळे घरोघरी रांजण, पिंपे, हौद व गच्चीवरील टाक्या आल्या. अशा साठ्याचा रोगाशी काय संबंध, हा प्रश्न मुंबईत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पुराव्यानिशी सोडविला गेला.

हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, हे रॉस यांनी १८९७ साली दाखविले. १९०१ साली लिस्टन यांनी वऱ्हाडातील एलिचपूर येथे अॅनॉफेलीस स्टीफेन्सी या जातीचे वर्णन केले. मुंबईतील हिवतापाची चौकशी करणारे डॉ. बेंटली यांनी १९११ च्या अहवालात ही जात मुख्यतः विहिरींत व टाक्यांत वाढते, असे दाखवून दिले. गटारे उपसून ती हटणारी नव्हती, कारण तिला स्वच्छ पाणीच मानवते. दोष झोपडीकडे जाईल ही अपेक्षा फोल ठरून तो सधन वाड्याच्या विहिरीकडे गेला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

विहिरी बुजवा वा झाका, असा आग्रह नगरपालिकेने धरताच पारशी व हिंदू समाजांतून विरोध झाला. धर्मकृत्यांस विहिरीचेच पाणी लागे. अखेर कित्येक ठिकाणी घट्ट झाकण व त्यात बारीक जाळीचे दार, अशी तडजोड निघाली. या विरोधास केवळ अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. जाळीच्या दाराने डासही अडला आणि विधीही चालला. १९२८ साली कोव्हेल यांना हाच प्रश्न पुन्हा तपासावा लागला.

परंतु एक गोष्ट सहसा नजरेआड होते. विहार तलावाचे पाणी १८६० पासून व तानसाचे १८९२ पासून मुंबईस मिळत होते, म्हणूनच विहीर बंद करण्याचा हुकूम काढणे शक्य झाले. डासाविषयीच्या पुराव्याला पाणीपुरवठ्याचा आधार होता.

कोपरगावसारख्या शहरात नेमका हाच आधार डळमळीत. तेथे डेंग्यू पसरविणारा एडीस डास घरातल्या पिंपातच वाढतो. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करून 'कोरडा दिवस' पाळण्याचा नियम याच हिशेबावर उभा आहे. हिशेब बिनचूक आहे. मात्र ज्या घरी नळ आठवडाभर येत नाही, तेथे तो नियम पिण्याचे पाणी ओतून देण्यास सांगतो आणि साहजिकच पाळला जात नाही. अशा घरांना पिंपावर घट्ट बांधलेले फडके, टाकीला झाकण व हौदात गप्पी मासे हेच उपाय उरतात. कोणत्या प्रभागात कोणत्या तारखेस पाणी सुटले आणि त्यानंतर कितव्या दिवशी किती घरांत अळ्या आढळल्या, ही दोन टिपणे एकाच वहीत मांडली, तर नियम कोठे लागू पडतो आणि कोठे आधी पाणीच द्यावयास हवे, हे नगरपालिकेस त्या वहीतूनच वाचता येईल.