गिरणीतलं भाड्याचं घर

नव्या घरात आलो त्या दिवशी आईला व्हिडिओ कॉलवर सगळं फिरवून दाखवलं. उंच छत, जाडजूड लाकडी तुळया, आणि एक अख्खी भिंत नुसत्या विटांची. आई थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "गिलावा करायचा राहिलाय का गं? मालकाला सांग ना." आता तिला कसं सांगणार, की गिलावा नाही म्हणूनच तर भाडं जास्त आहे! :-)

बाबा मागून डोकावले आणि एवढंच म्हणाले, "ही खिडकी गिरणीची आहे."

बरोबर ओळखलं त्यांनी. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साळखात्यात होते. त्यांना सगळे आण्णा म्हणत. बाबा लहान असताना दुपारचा डबा घेऊन गेटपर्यंत जायचे. गेटच्या आत मात्र कधीच गेले नाहीत. आणि त्यांची मुलगी आता सातासमुद्रापार एका गिरणीत भाडं भरून राहते आहे. गंमतच आहे.

आमचं गाव लोवेल. मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनच्या वायव्येला, गाडीने पाऊण-एक तासावर. घराच्या जाहिरातीत "ऐतिहासिक" हा शब्द तीनदा होता. भाडं त्या शब्दाचंही आहे, तर तो इतिहास काय ते बघावं म्हणून वाचायला लागले.

सुरुवात घरापासूनच केली. या मोठ्या खिडक्या सौंदर्यासाठी नाहीत, त्या सूत दिसावं म्हणून आहेत. विजेचे दिवे यायच्या कितीतरी आधीच्या या गिरण्या, जितका उजेड आत येईल तितकं काम जास्त. पण त्या उघडायला मनाई असे, कारण हवा कोरडी झाली की धागा तुटतो. उन्हाळ्यातसुद्धा खिडक्या बंद, आणि हवेत कापसाचे तंतू. जमिनीच्या फळ्या जाड, कारण वर शेकडो साचे हादरत असत. आणि जाड लाकूड आगीत हळूहळू जळतं, त्यामुळे माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. ज्या खांबामुळे आमचा पलंग कुठेच नीट बसत नाही, तोही त्याच हिशेबात तिथे उभा आहे.

ज्याच्या नावाचं हे गाव, तो फ्रान्सिस कॅबट लोवेल बॉस्टनचा व्यापारी. आपल्याला आश्चर्य वाटेल, पण तो आपल्याकडचं कापड अमेरिकेत आणून विकणाऱ्यांपैकी एक होता. बॉस्टन बंदरातला 'इंडिया व्हार्फ' हा धक्का उभारण्यात त्याचा पुढाकार होता. १८१० मध्ये तो इंग्लंडला गेला. तिथल्या गिरण्यांमध्ये हिंडला. यंत्रं किंवा त्यांचे नकाशे देशाबाहेर न्यायला बंदी होती, म्हणून त्याने यंत्रमाग डोक्यात साठवून आणला. पॉल मूडी नावाच्या कारागिराला हाताशी धरून बॉस्टनजवळच्या वॉल्थममध्ये तो प्रत्यक्षात उतरवला. १८१४ पासून तिथे कापसापासून कापडापर्यंतचं सगळं काम एकाच छपराखाली होऊ लागलं.

आणि मग १८१६ मध्ये त्याने वॉशिंग्टनला जाऊन खटपट केली ती आयात कर बसवण्यासाठी. त्या कायद्यात अशी मेख होती की सुती कापड कितीही स्वस्त असलं तरी त्याची किंमत वाराला निदान २५ सेंट धरूनच कर लावायचा. या कराचा सगळ्यात मोठा फटका बसला तो हिंदुस्थानातून येणाऱ्या स्वस्त कापडाला. ज्या कापडावर व्यापार केला त्याच कापडाला दार बंद! १८१७ मध्ये, अवघ्या बेचाळीसाव्या वर्षी, तो वारला. हे गाव त्याने पाहिलंच नाही. त्याच्या भागीदारांनी मेरिमॅक नदीच्या तीस-एक फुटी धबधब्याशी कालवे खणले, १८२३ मध्ये पहिली गिरणी सुरू केली, आणि १८२६ मध्ये गावाला त्याचं नाव दिलं.

कामाला कोण? तर आसपासच्या शेतकऱ्यांच्या मुली. पंधरा ते पंचवीस-तीस वयाच्या. दिवसाला बारा-तेरा तास, आठवड्याचे सहा दिवस, सगळं घंटेवर. आपल्याकडे भोंगा तशी इकडे घंटा. राहायला कंपनीच्याच विटांच्या चाळी. एकेका खोलीत चार-सहा जणी, एका पलंगावर दोघी. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जाणं सक्तीचं. प्रत्येक घर एक बाई चालवायची, बहुतेकदा विधवा. तीच स्वयंपाक करायची, तीच लक्ष ठेवायची. वाचताना मला सारखी गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांचीच आठवण येत होती. फरक इतकाच की आपल्याकडे बायका पुरुष गिरणी कामगारांना जेवू घालत आणि इथे जेवणाऱ्याही मुलीच.

१८३४ मध्ये पगार कापला म्हणून या मुलींनी संप केला. तो फसला. १८३६ मध्ये पुन्हा केला, आणि यावेळचं कारण वाचून मी सरळ उठून बसले. कारण होतं राहण्या-जेवण्याच्या खर्चात झालेली वाढ. पगार तेवढाच आणि खोलीचे पैसे जास्त! सुमारे दीड ते दोन हजार मुली काम सोडून रस्त्यावर आल्या. त्यात हॅरिएट हॅन्सन नावाची एक अकरा वर्षांची पोर होती. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली "जावं की न जावं" करत बसल्या होत्या. ही म्हणाली, कुणी येवो न येवो, मी चालले. आणि निघाली. मागे वळून बघते तर सगळ्या रांगेने मागून येत होत्या.

हॅरिएटची आई विधवा, आणि कंपनीचं असंच एक घर चालवणारी. कंपनीच्या माणसाने तिला सांगितलं की बाकीच्या मुली तुझ्या हातात नव्हत्या, पण ही पोटची मुलगी तर होती ना? आणि तिचं ते काम काढून घेतलं. म्हणजे भाडं वाढलं म्हणून मुलगी चालायला लागली आणि आईच्या डोक्यावरचं छप्पर गेलं. हॅरिएटने हे सगळं १८९८ मध्ये आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला कळतं.

आणखी एक गोष्ट जाहिरातीत नसते. इथे येणारा कापूस दक्षिणेतल्या गुलामांनी वेचलेला असे. इथलं काही जाडंभरडं कापड परत त्याच गुलामांच्या अंगावर घालायला जात असे. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेचा कापूस बंद झाला, तेव्हा इथल्या बऱ्याच गिरण्यांनी जवळचा कापूस चढ्या भावाने विकून टाकला आणि हजारो कामगारांना घरी पाठवलं. त्याच चार वर्षांत मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा तो फुगा फुटला. इथला कापूस आणि तिथला कापूस असे एका तराजूच्या दोन पारड्यांत होते.

मुलींच्या जागी पुढे आयरिश आले, मग कॅनडातले फ्रेंच, ग्रीक, पोलिश, पोर्तुगीज. विसाव्या शतकात धंदा दक्षिणेकडे गेला आणि १९५० च्या दशकात उरलेल्या मोठ्या गिरण्याही बंद पडल्या. काही पाडल्या. पण बऱ्याच तशाच उभ्या राहिल्या, कारण गाव इतकं गरीब झालं होतं की पाडून तिथे बांधणार काय? १९७८ मध्ये सरकारने इथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान केलं आणि मग हळूहळू या इमारतींमध्ये घरं झाली.

मुंबईत नेमकं उलटं झालं. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. आण्णा त्यातलेच एक. परत काही कामावर गेले नाहीत. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि एक परवडणाऱ्या घरांसाठी ठेवायचा होता. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल मान्य केला. आण्णांच्या गिरणीच्या जागी आता टॉवर आहे. इथे जमिनीला भाव नव्हता म्हणून भिंती वाचल्या. तिथे जमिनीला सोन्याचा भाव होता म्हणून भिंती गेल्या. इतिहासाचं प्रेम दोन्हीकडे नंतर आलं. राबणारी माणसं मात्र दोन्हीकडे आधीच बाहेर पडली होती.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले होते. इथल्या बूट कॉटन मिल्सच्या संग्रहालयात ८८ साच्यांचं एक खातं उभं केलेलं आहे. आम्ही गेलो तेव्हा त्यातले मोजकेच चालू होते. तरी पायाखालची जमीन हलत होती आणि शेजारी उभ्या आईचा एक शब्द ऐकू येत नव्हता. बाबा एका साच्यासमोर उभे राहिले ते हलेचनात. बाहेर आल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाले, "आण्णा घरी फार मोठ्याने बोलायचे. आम्हाला वाटायचं सारखे चिडलेलेच असतात. आम्ही घाबरून लांब राहायचो."

पुढे काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

परवा नव्या वर्षाच्या कराराचं पत्र आलं. भाडं वाढलंय, दरवर्षी वाढतं तसंच. मी सही करून टाकली. हॅरिएटसारखं उठून चालायला लागावं इतकी काही ती वाढ नाही. पण सही करण्याआधी दोन मिनिटं खिडकीशी उभी राहिले, एवढं मात्र खरं.

असो. आई अजून दर रविवारी विचारते, गिलावा झाला का म्हणून.