उपचारांसाठी परळमध्ये थोड्या दिवसांचे घर घेताना : शांत खोली कशी ओळखावी?

कर्करोगाच्या उपचारांसाठी बाहेरगावाहून परळला येणाऱ्या कुटुंबाला डॉक्टर ठरल्यावर लगेच दुसरा प्रश्न पडतो, राहायचे कुठे? रेडिएशन साधारणपणे आठवड्यातले पाच दिवस, रोज दिले जाते. स्तनाच्या कर्करोगात ते बऱ्याचदा तीन आठवड्यांत संपते. डोके-मानेच्या कर्करोगात सहा ते सात आठवडे चालते. इतके दिवस लॉज परवडत नाही आणि नातेवाइकांकडे अवघडल्यासारखे होते. म्हणून अनेक कुटुंबे टाटा किंवा केईएम रुग्णालयाच्या आसपास महिना-दीड महिन्यासाठी सामानासकट फ्लॅट घेतात. जाहिरातीत प्रत्येक घर 'शांत आणि हवेशीर' असते. खरे काय ते पहिल्या रात्री कळते आणि तोपर्यंत डिपॉझिट भरून झालेले असते.

परळमध्ये शांत खोली मिळते. मात्र ती शोधताना रुग्णालयापासून किती लांब जायचे यापेक्षा झोपायची खोली इमारतीच्या कोणत्या बाजूला आहे, हे जास्त महत्त्वाचे असते.

आवाजाने रुग्णाचे काय बिघडते?

आपण झोपलो तरी कान झोपत नाहीत. रात्री हॉर्न वाजला, शटर पडले, की जाग आली नाही तरी हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब थोडा चढतो आणि गाढ झोप उथळ होते. सकाळी रुग्ण म्हणतो, "रात्रभर पडून होतो, पण झोप झाल्यासारखी वाटत नाही." हे खरेच असते. झोप कमी झाली की दुखणे अधिक जाणवते. तोंडात फोड आलेल्या किंवा रेडिएशनमुळे थकलेल्या माणसाला याचा फार त्रास होतो.

सगळे आवाज सारखे नसतात. पंख्याची किंवा एसीची एकसुरी घरघर बहुतेकांना दोन-तीन दिवसांत अंगवळणी पडते. अधूनमधून अचानक येणारा आवाज मात्र अंगवळणी पडत नाही. पहाटेकडे झोप मुळातच हलकी असते, त्यामुळे रात्री अकराच्या गोंगाटापेक्षा पहाटे साडेचारला सुरू होणारा पाण्याचा पंप जास्त छळतो.

आकड्यांत सांगायचे तर झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. भारतातील ध्वनी प्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि शांतता क्षेत्राची ४०. साधारण १० डेसिबल वाढले की आवाज कानाला दुप्पट वाटतो. रुग्णालयाभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. त्यामुळे 'रुग्णालयाला लागूनच घर घेतले की शांतता आलीच' असे अनेकांना वाटते. पण नियम असला तरी रुग्णवाहिका, टॅक्सी आणि पहाटेपासून लागणारी नंबरची रांग तिथेच असते.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. प्रत्येक जागरणाचा दोष घराला देऊ नका. केमोथेरपीबरोबर उलटी थांबवण्यासाठी डेक्सामेथासोनसारखे स्टिरॉइड देतात, त्याने झोप उडते. अशा वेळी घर बदलून काही होत नाही. गोळी सकाळी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारल्याने बरेच काही होते.

शांततेसाठी किती लांब जावे?

बोरिवली, ठाणे किंवा पनवेलकडे घर मोठे, स्वस्त आणि निवांत मिळते. फक्त तपासणीसाठी दोन दिवस येणाऱ्याला ते चालेल. केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाला मी ते सुचवत नाही. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या दिवसांत आलेला ताप ही तातडीची गोष्ट असते. तिथे तास-दीड तासाचा प्रवास महाग पडू शकतो. शिवाय रोज रेडिएशनसाठी लोकलच्या गर्दीतून ये-जा करायची, तर शांत घरात मिळालेली विश्रांती रस्त्यातच संपते.

अंतर नकाशावरच्या किलोमीटरमध्ये मोजू नका. स्वतःला एकच प्रश्न विचारा : जुलै महिन्यात, मुसळधार पावसात, रात्री दोन वाजता रुग्णाला घेऊन निघालो तर रुग्णालयाच्या दारात किती वेळात पोहोचू? अर्ध्या तासाच्या आत असेल तर घर चालेल, असा माझा ठोकताळा आहे. हिंदमाताचा चौक पावसात तुंबतो, हे मुंबईकराला सांगावे लागत नाही, पण जळगावहून किंवा लातूरहून आलेल्या माणसाला ते कोण सांगणार? तसेच रेल्वेच्या पश्चिमेला, प्रभादेवीच्या बाजूला घर पाहत असाल तर रस्ता नीट विचारून घ्या. परळ आणि प्रभादेवी जोडणारा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५मध्ये पाडण्यासाठी वाहतुकीला बंद करण्यात आला. त्यामुळे नकाशावर हाकेच्या अंतरावर दिसणारे घर गाडीने वळसा घेऊन बरेच लांब पडू शकते.

इमारत पाहताना

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गाला लागून असलेल्या इमारतीत रस्त्याकडची बेडरूम घेऊ नये. लालबागच्या उड्डाणपुलाजवळ तर तिसरा-चौथा मजला पहिल्या मजल्यापेक्षा वाईट असू शकतो, कारण गाड्या खिडकीच्याच उंचीवरून जातात. त्याच इमारतीत मागच्या अंगाला असलेली खोली मात्र चांगली निघते. मधली संपूर्ण इमारत भिंतीसारखी आडवी येते आणि आवाज बराच कमी होतो. आतल्या गल्लीतल्या घरापेक्षाही कधी कधी ही मागची खोली शांत असते, कारण गल्लीत रात्री दुचाकी लावणारे आणि नाक्यावर गप्पा मारणारे असतातच.

मागची खोली म्हणजे डक्टकडची खोली, असेही बऱ्याचदा असते. इथे सावध राहा. डक्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या भांड्यांचा आवाजही घुमतो, शेजाऱ्यांचे एक्झॉस्ट फॅन तिकडेच उघडतात आणि मुंबईत डक्ट म्हणजे कबुतरांचे घर. खिडकीच्या कठड्यावर विष्ठेचे थर दिसले तर ती खोली कितीही शांत असली तरी सोडून द्या. कबुतरांची विष्ठा आणि पिसांची धूळ यांमुळे फुफ्फुसांना ॲलर्जीची सूज येऊ शकते. विष्ठेत वाढणारी बुरशी प्रतिकारशक्ती कमी झालेल्या रुग्णाला घातक ठरू शकते.

दुसरा मोठा मुद्दा बांधकामाचा. गिरण्यांच्या जमिनी आणि जुन्या चाळी यांच्या जागी टॉवर उभे राहण्याचे काम लालबाग-परळमध्ये सतत चालू असते. शेजारी इमारत पाडत असतील तर लोक विचारतात, दिवसभर आवाज होईल का? माझ्या दृष्टीने धूळ जास्त गंभीर आहे. जुन्या बांधकामाच्या धुळीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे सूक्ष्म कण असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासातून घेतो आणि त्याला काही होत नाही. रक्ताचा कर्करोग असलेल्या किंवा बोन मॅरो प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाच्या फुफ्फुसात मात्र त्यातून गंभीर संसर्ग होऊ शकतो. अशा रुग्णासाठी पाडकामाशेजारचे घर घेऊ नका, भाडे निम्मे असले तरी.

मजला निवडताना मधला निवडा. तळमजल्यावर पार्किंग, वॉचमनची केबिन आणि पंप, तर सर्वांत वरच्या मजल्यावर लिफ्टची मशीन, टाक्या आणि तापलेली गच्ची. लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नका. रक्त कमी झालेल्या माणसाला तिसरा मजला डोंगरासारखा वाटतो.

घरमालकाला काय विचारावे?

"घर शांत आहे का?" हा प्रश्न विचारूच नका. उत्तर 'हो'च येणार. त्याऐवजी बेडरूमची खिडकी कुठे उघडते, खाली हॉटेल, बार, वर्कशॉप किंवा लग्नाचा हॉल आहे का, पाणी किती वाजता येते आणि पंप कुठे आहे, शेजारी काम चालू आहे का, असे विचारा. भिंतीपलीकडे कोण राहते हेही विचारावे, कारण तोच फ्लॅट खोल्या पाडून तीन कुटुंबांना दिलेला असू शकतो.

प्रत्यक्ष येणे जमत नसेल तर रात्री अकराला आणि सकाळी सहाला बेडरूममधून व्हिडिओ कॉल करायला सांगा. आधी खिडकी उघडी ठेवून, मग बंद करून. दुपारी तीनचा व्हिडिओ उपयोगाचा नाही. मोबाइलवरची डेसिबल मोजणारी ॲप अचूक नसतात, पण एकाच फोनवर दोन खोल्यांची तुलना करायला पुरतात. शक्य असेल तर आधी एकाच आठवड्याचे पैसे द्या.

घरात रुग्ण येणार आहे, हे मालकाला आणि सोसायटीला आधीच सांगा. लपवून ठेवले आणि मध्येच घर सोडायची वेळ आली, तर ती धावपळ रुग्णाला सोसत नाही. स्वतःच सांगितलेल्या कुटुंबांना शेजारी चांगली मदत करतात, असाच अनुभव आहे.

तारखा पाहताना पंचांगही पाहा. गणेशोत्सवाचे दहा दिवस लालबाग-परळमध्ये वेगळेच असतात, आणि मोठ्या मूर्तींच्या आगमन मिरवणुका त्याच्या आधीच सुरू होतात. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार ध्वनिक्षेपकाला रात्री बारापर्यंत परवानगी देऊ शकते. अनंत चतुर्दशीला रुग्णालयात जायचेच असेल तर वाहतूक कुठून वळवली आहे ते आदल्या दिवशी विचारून घ्या. उपचारांची तारीख सण पाहून पुढे ढकलू नये. त्यापेक्षा ते दहा दिवस माटुंगा किंवा शिवडीच्या बाजूला घर पाहावे.

धर्मशाळा की फ्लॅट?

दादरची संत गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्था बाहेरगावच्या रुग्णांची अत्यल्प दरात सोय करतात. रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवा विभागात चौकशी केल्यास अशा इतर जागांचीही माहिती मिळते. तिथे फ्लॅटसारखी शांतता नसते. पण त्याच उपचारांतून जाणारी माणसे भेटतात, कोणत्या खिडकीवर कोणता कागद लागतो ते कळते. रेडिएशन घेणारा, स्वतः हिंडू-फिरू शकणारा रुग्ण तिथे आनंदाने राहू शकतो. पांढऱ्या पेशी खूप खाली जाणाऱ्या रुग्णाला मात्र स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र शौचालय हवेच. याच कारणाने, सामाईक शौचालय असलेली चाळीतली खोली केमोच्या रुग्णासाठी टाळावी.

घर घेतल्यावर

रुग्णाचा पलंग रस्त्याकडच्या भिंतीपासून दूर सरकवा. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीच्या फटीतूनच जास्त आवाज येतो, तिथे रात्री जाड चादर घडी करून लावता येते. जाड पडद्याने उजेड अडतो, आवाज फारसा नाही.

कानात घालायचे फोमचे बोळे उपयोगी पडतात, पण ते रुग्णाने घालावेत, सोबतच्या माणसाने नाही. रात्री हाक मारली तर कुणाला तरी ऐकू आली पाहिजे. कान वाहत असेल, कानाजवळ रेडिएशन चालू असेल किंवा प्लेटलेट खूप कमी असतील तर बोळे घालण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा.

काही रुग्ण नेमके शांत घरात आल्यावर तक्रार करतात की कानात शिट्टी वाजते. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाने असे होऊ शकते, ऐकूही कमी येऊ शकते. पुढच्या डोसच्या आधी हे डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे. अशा रुग्णाला अगदी निःशब्द खोलीपेक्षा पंख्याचा मंद आवाज बरा वाटतो.

वयस्कर माणसे नव्या जागेत रात्री गोंधळतात. शौचालयाच्या वाटेवर छोटा दिवा ठेवा, चष्मा आणि घड्याळ हाताशी ठेवा. झोपेची गोळी दुकानातून स्वतःहून आणून देऊ नका.

डॉक्टरांना लगेच केव्हा कळवावे?

केमोथेरपी चालू असताना १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, थंडी वाजली, धाप लागली, रक्तस्राव झाला किंवा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जा. आधी पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवू नका. रुग्णाची फाइल, तातडीचा फोन क्रमांक आणि थोडे सुटे पैसे दाराजवळच्या पिशवीत भरून ठेवा. रात्री टॅक्सी कुठे मिळते, हे पहिल्याच दिवशी वॉचमनला विचारून ठेवा.