पत्रांच्या रांगेचा मागोवा

लिनक्सच्या ज्या संगणकावरून ईमेल जाते, त्यावर ‘सेंडमेल’ नावाची एक आज्ञा बहुधा असतेच. तिच्यामागे पोस्टफिक्स असेल, एक्झिम असेल, नाहीतर डीएमएसारखा चिमुकला प्रोग्रॅम असेल, नाव तेच. रात्रीच्या बॅकअपचा अहवाल धाडायचा असो की डिस्क बिघडत असल्याचा इशारा द्यायचा असो, प्रणाली याच नावाने हाक मारते.

नाव बर्कलीचे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस एरिक ऑलमन तिथल्या विद्यापीठात इंग्रेस या डेटाबेस प्रकल्पाशी जोडलेले होते. इंग्रेसच्या मशीनला आर्पानेटची जोडणी असल्याने जो तो त्यावर खाते मागू लागला. ऑलमन यांनी खाती वाटत बसण्यापेक्षा एका नेटवर्कवरचे पत्र दुसऱ्यावर पोहोचवणारा ‘डिलिव्हरमेल’ लिहिला. ऑगस्ट 1982 मध्ये जॉन पोस्टेल यांनी ईमेल पोहोचवण्याचे, म्हणजे एसएमटीपीचे, नियम मांडले आणि 1983 मध्ये बर्कलीच्या बीएसडी युनिक्सबरोबर डिलिव्हरमेलचाच वारस सेंडमेल आला. तेव्हाच्या कितीतरी मशीन सतत जोडलेल्या नसत. यूयूसीपीच्या आधाराने ठरल्या वेळी टेलिफोन लावून एकमेकींना गाठत. म्हणून आलेले पत्र आधी डिस्कवर ठेवायचे आणि वाट मोकळी झाली की पुढे धाडायचे. ही रांग मला त्या पिढीचा सगळ्यात मोलाचा वारसा वाटते.

आपल्याकडेही आरंभ टेलिफोनच्या तारेवरच झाला. 1986 च्या सुमारास शिक्षण-संशोधन संस्थांचे एर्नेट हे जाळे उभे राहत असताना जुहूची एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात डायल-अपवरून ईमेल जाऊ लागली. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले 15 ऑगस्ट 1995 ला, विदेश संचार निगममार्फत. गोव्यात 2000 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ‘गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट’ने परदेशातून वापरलेले संगणक आणून ते लिनक्ससह शाळांना दिले. जुन्या यंत्रावर हलकी प्रणाली चालवायची, हा आमच्याकडचा धडा तेव्हापासूनचा.

सेंडमेल मात्र हलका राहिला नव्हता. त्याची कॉन्फिगरेशन फाइल भल्याभल्यांना उलगडत नसे आणि नोव्हेंबर 1988 मध्ये नेटवर्कवर पसरलेला मॉरिस वर्म हा घातक प्रोग्रॅम शिरला तो त्याच्यातल्याही एका फटीतून. फिलिप हेझल यांचा एक्झिम 1995 मध्ये, तर वीत्से व्हेनेमा यांचा पोस्टफिक्स 1998 मध्ये आला. दोन्ही उत्तम, पण पूर्ण टपाल कार्यालये. मग स्पॅमने सगळेच बदलले. घरगुती जोडणीवरून थेट गेलेली पत्रे मोठे सर्व्हर नाकारू लागले, अनेक कंपन्यांनी पोर्ट 25 बंद केले. आता पत्र ओळखीच्या मोठ्या सर्व्हरकडे, म्हणजे स्मार्टहोस्टकडे, पोर्ट 587 वरून पासवर्डसह सोपवायचे. एवढ्याच कामासाठी एसएसएमटीपी आणि एमएसएमटीपी पुढे आले. आटोपशीर, पण ते स्वतः रांग ठेवत नाहीत. एमएसएमटीपीसोबत रांगेची वेगळी स्क्रिप्ट मिळते, तरी ती आपण बसवायची.

इथे गोव्यातल्या पेडण्यात हे रांग नसणे मला पटत नाही. पावसाळ्यात फांदी तारेवर पडली की वीज जाते आणि ती परत आली तरी नेट लगेच येईलच असे नाही. रात्री दोनला बॅकअप फसला आणि नेमकी त्याच क्षणी जोडणी नसली, तर एसएसएमटीपीचा इशारा तिथेच विरतो. ओहोटीला केरी-तेरेखोलची फेरीबोट थांबते, तेव्हा माणसे धक्क्यावर थांबतात. पत्रालाही तसा धक्का हवा.

तो डीएमएने ठेवला आहे. ड्रॅगनफ्लाय बीएसडीत जन्मलेला हा प्रोग्रॅम फ्रीबीएसडीने 2023 मध्ये 14.0 आवृत्तीपासून सेंडमेलच्या जागी बसवला. पत्र गेले नाही तर तो पाच मिनिटांनी पुन्हा पाठवून पाहतो, मग अंतर वाढवत तीन तासांपर्यंत नेतो आणि पाच दिवसांनी हार मानतो. मध्येच वीज जाऊन संगणक बंद पडला तरी पत्र डिस्कवर असतेच. सुरू झाल्यावर डेबियनमधले क्रॉनचे काम रांग पुन्हा हलवते.

मांडणी थोडकी. डीएमएच्या मुख्य फाइलीत स्मार्टहोस्टचे नाव आणि पोर्ट 587 घालायचे, आणि ‘सिक्युअरट्रान्स्फर’ व ‘स्टार्टटीएलएस’ या दोन ओळींपुढची # खूण काढायची. ‘मास्करेड’मध्ये आपला खरा ईमेल पत्ता घालावा, कारण घरातल्या मशीनचे नाव बाहेर कोणी ओळखत नाही. दुसऱ्या फाइलीत पासवर्ड. जीमेल वापरत असाल तर नेहमीचा चालत नाही, टू-स्टेप पडताळणी चालू करून अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. ही फाइल रूट आणि ‘मेल’ गटाशिवाय कोणालाही वाचता येता कामा नये.

मग राउटरची केबल काढा आणि स्वतःलाच एक पत्र पाठवा. डीएमएच्या स्पूल फोल्डरमध्ये त्या पत्राच्या दोन फाइली दिसतील, एक ‘एम’ने सुरू होणारी, मजकुराची, आणि दुसरी ‘क्यू’ने, पत्त्याची. केबल परत लावा, ‘डीएमए’ला ‘वजा क्यू’ जोडून आज्ञा द्या. पत्र पोहोचले की दोन्ही फाइली जातात. राहिल्या तर मेलचा लॉग उघडावा, तिथे बहुतेक वेळा पासवर्डचीच तक्रार असते.