पनवेलची चाकं आणि लोखंडी धाव
ब्रिटिशकालीन इंपीरियल गॅझेटिअरमध्ये पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीची चाकं बनवण्याची नोंद आहे. देशावरून उतरणारी प्रत्येक गाडी इथून चाकांची जोडी विकत घेई. गिऱ्हाईक बांधलेलंच होतं म्हणा ना! 1830 मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला होता आणि घाटावरचा माल पनवेल बंदरात उतरत होता. पण त्या दगडधोंड्यांत नुसतं लाकूड किती टिकणार?

म्हणून धाव. लोहार ही लोखंडी कडी चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान ठेवी, तापवून लाल करी, फुगलेली असतानाच चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. आकसताना ती पाटे, आरे, तुंबा सगळं आवळून घेई. झिजायचं ते लोखंडानं.

1863 मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली, तरी चाकांचा धंदा लगेच बसला नाही.

मार झेलायला धावेसारखंच कवच आजही लागतं: थार किंवा जिम्नीसारखी गाडी घेऊन आडवाटेला जाणारे इंजिनाच्या ऑइल चेंबरखाली जाड पत्रा लावतात. पोलाद मार सोसतं, पण जड. ॲल्युमिनियम हलकं, पण महाग. पत्र्याला तेल काढायला भोक नसेल, तर दर सर्व्हिसिंगला अख्खा पत्रा उतरवावा लागतो.