भाजावळीची राख

शिमगा सरला की वरंध घाटाच्या पायथ्याला भाजावळीची घाई सुरू होते. दाढीच्या, म्हणजे भाताची रोपं उगवायच्या जागेत कवळ, म्हणजे झाडांच्या तोडलेल्या फांद्या, रचायचं, त्यावर पातेरा नि गवत, वर मातीचा पातळ थर, मग काडी. का भाजता, तर तण मरतं नि तरवा, म्हणजे रोपं, जोमानं उठतो.

या कवळापायी केवढं रामायण झालं! इंग्रजांनी राखीव जंगलात तोडीवर बंधनं घातली. ठाणे-कुलाब्यातल्या शेतकऱ्यांची ओरड एवढी वाढली की १८८५ साली मुंबई सरकारला वन आयोग नेमावा लागला. घाटाखालचं आमचं महाड तेव्हा कुलाब्यातच. राखेच्या पोटात मात्र आणखी एक बळ होतं.

त्याचा माग लागला जपानात. १९१७ साली संशोधक ओनोडेरा यांना करपा पडलेल्या भाताच्या पानांत सिलिका कमी आढळली. करपा आपल्याही ओळखीचा : पानावर डोळ्यासारखा ठिपका, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी, मानेवर आला की लोंबी पोचट. नाव भाजल्याचं, काम बुरशीचं. तिचा बीजाणू पानाला चिकटतो, त्याला फुटलेल्या कोंबाचं टोक घुमटासारखं फुगतं आणि आत सुमारे ऐंशी वातावरणांचा दाब साठवून सुईसारख्या अणीनं साल भोसकतं. भाताच्या पातीवरून उलटं बोट फिरवून पाहा, चरचरतं. ती सिलिका. मुळांनी जमिनीतून ओढलेली, सालीखाली थरानं बसवलेली. जिथं थर जाड, तिथं घुमटाची सुई अडते. उलट युरिया सढळ पडला की पान लुसलुशीत होतं नि करप्याचं फावतं.

ही सिलिका भाताच्या तुसात ठासून भरलेली असते, आणि गिरणीमागे तुसाचे ढीग पडून असतात. कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांनी चारसूत्री भात लागवडीच्या पहिल्याच सूत्रात याच तुसाच्या राखेला जागा दिली. दाढीत चौरस मीटरला अर्धा ते एक किलो राख मातीत मिसळायची, मग बी पेरायचं. मला यात कोकणाची जुनी भाजावळच नव्यानं उभी राहिलेली दिसते, तीही झाडावर कोयता न चालवता.

मात्र राख काळी हवी. आच चढून ती पांढरी पडली की सिलिका घट्ट होते, पाण्यात सहजी विरघळत नाही, मुळांना मिळत नाही. म्हणून तूस धुमसतं ठेवायचं, आणि ढीग काळा दिसला की लगेच पाणी शिंपडायचं.