ओव्हरड्राइव्ह : गिअरच्या दांड्यावरील एका बटणाचा इतिहास

चार गिअरच्या अनेक स्वयंचलित मोटारींत गिअरच्या दांड्यावर, अंगठ्याखाली येईल असे, ‘ओ/डी’ अक्षरांचे एक लहान बटण असते. ते दाबले की समोरच्या फलकावर ‘ओ/डी ऑफ’ असा दिवा लागतो आणि पुन्हा दाबले की विझतो. दिवा विझलेला असताना ओव्हरड्राइव्ह चालू आणि दिवा लागला की बंद, ही उलटी खूण नवख्याला गोंधळात टाकते. त्यात नावाची भर पडते. ‘ओव्हरड्राइव्ह’ म्हणजे काही जादा ताकद असावी, असा समज सार्वत्रिक आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. हे बटण केव्हा वापरावे, या प्रश्नाचे उत्तर ते मोटारीत का आले, या इतिहासातच दडलेले आहे.

आधी मूळ कल्पना पाहू. इंजिनाकडून येणारा दंड आणि चाकांकडे जाणारा दंड एकाच वेगाने फिरत असतील, तर त्या गिअरचे गुणोत्तर 1 असते. त्याला थेट गिअर म्हणतात. गुणोत्तर 0.70 असेल, तर चाकांकडचा दंड 10 फेरे घेतो तेव्हा इंजिन केवळ 7 फेरे घेते. ज्या वेगाला थेट गिअरमध्ये इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत होते, त्याच वेगाला आता 2,100 पुरतात. हाच ओव्हरड्राइव्ह. सपाट रस्त्यावर ताशी 80 किलोमीटरचा वेग टिकवण्यासाठी लहान मोटारीला चाकांपाशी साधारण 10 अश्वशक्ती पुरते. इंजिनाची क्षमता मात्र त्याच्या कितीतरी पट असते. अशा वेळी इंजिन संथ फिरले तर अंतर्गत घर्षण कमी होते, हवा आत ओढण्यात वाया जाणारी ऊर्जा घटते आणि इंधन वाचते. याची किंमतही मोजावी लागते. इंजिनाचा टॉर्क तेवढाच असता, थेट गिअरच्या तुलनेत चाकांपर्यंत 30 टक्के कमी ओढ पोहोचते. ओव्हरड्राइव्ह हा काटकसरीचा गिअर आहे, ताकदीचा नव्हे.

1934 मध्ये अमेरिकेत क्रायस्लर कंपनीची ‘एअरफ्लो’ मोटार आली. वाऱ्याचा रोध कमी करणाऱ्या तिच्या घाटदार शरीराची चर्चा झाली. त्याच मोटारीत बोर्ग-वॉर्नर कंपनीचा ओव्हरड्राइव्हही मिळू लागला. हे गिअर हाताने बदलण्याचे दिवस होते. मुख्य गिअरपेटीच्या मागे दंतचक्रांची आणखी एक माला जोडलेली असे. मध्यभागी ‘सूर्य’ चक्र, त्याभोवती ‘ग्रह’ चक्रे आणि सर्वांना वेढणारे कडे. सूर्याला स्थिर धरून ग्रहांची चौकट फिरवली की बाहेरचे कडे चौकटीपेक्षा वेगाने फिरते. ठरावीक वेग ओलांडल्यावर चालकाने क्षणभर पाय सैल केला, की ही माला कामाला लागे.

त्या पिढीच्या यंत्रणेत एक उणीव होती. त्या ठरावीक वेगाखाली पाय उचलताच चाकांचा इंजिनाशी असलेला दुवा सुटे आणि गाडी मोकळी धावू लागे. सपाटीवर हे सुखाचे होते. उतारावर मात्र गाडीला मागे धरणारा इंजिनाचा हात निसटत असे. म्हणून डॅशबोर्डाखाली एक मूठ दिलेली असे. ती ओढली की ओव्हरड्राइव्ह बाद होई. आजच्या बटणाची ती पूर्वज.

पुढे स्वयंचलित गिअर आले. ओल्ड्समोबिलने 1940 च्या मोटारींसाठी दिलेल्या ‘हायड्रामॅटिक’मध्ये चार गिअर होते, पण चौथा थेट होता. 1950 च्या शेव्हरोलेतील ‘पॉवरग्लाइड’ दोन गिअरची आणि 1956 ची ‘टॉर्कफ्लाइट’ तीन गिअरची. दोहोंतही अखेरचा गिअर थेटच. पेट्रोल स्वस्त होते आणि स्वयंचलित गिअर विकले जात होते ते आरामाच्या नावावर. काटकसरीचा गिअर कोणाला आठवण्याचे कारण नव्हते.

ते कारण ऑक्टोबर 1973 मध्ये मिळाले. अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा पुरवठा रोखला आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे 3 डॉलरवरून 12 डॉलरच्या घरात गेला. 1974 मध्ये अमेरिकेत ताशी 55 मैलांची देशव्यापी वेगमर्यादा आली. 1975 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या मोटारींना सरासरीचे बंधन घातले : 1978 च्या मोटारींसाठी गॅलनला 18 मैल, 1985 साठी 27.5 मैल. जड मोटारींचे कारखाने एका रात्रीत बदलत नाहीत. गिअरपेटीत एक गिअर वाढवणे त्या मानाने सोपे होते. जपानमध्ये टोयोटाने 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ओव्हरड्राइव्हसह चार गिअरची स्वयंचलित पेटी आणली. फोर्डने 1980 च्या मोटारींत 0.67 गुणोत्तराचा चौथा गिअर दिला, तर जनरल मोटर्सने 1982 च्या मोटारींत 0.70 चा.

मग बटण कशासाठी? त्या काळच्या गिअरपेट्यांचा मेंदू तेलाच्या दाबावर चालत असे. त्याला मुख्यतः दोनच गोष्टी कळत : गाडीचा वेग आणि अ‍ॅक्सिलरेटरवरील पायाचा जोर. चढावर चौथ्या गिअरमध्ये गाडी मंदावते, चालक पाय दाबतो, पेटी तिसऱ्यावर उतरते. वेग येतो, पाय सैल होतो, पेटी पुन्हा चौथ्यावर जाते. हा खेळ चालूच राहतो. प्रत्येक बदलात क्लच घसरतात, तेल तापते, आणि तापलेले तेल हा स्वयंचलित गिअरचा मोठा शत्रू आहे. उतारावर तर पाय पूर्ण उचललेला असतो. पेटीला वाटते, गाडी निवांत चालली आहे, आणि ती नेमक्या नको त्या वेळी चौथा गिअर टाकते. पुढचे वळण आणि पुढचा उतार फक्त चालकाला दिसत होता. त्याला दिसलेले यंत्राला कळवण्याचे साधन म्हणजे हे बटण.

एवढे कळले की नियम पाठ करावे लागत नाहीत. शहरात आणि महामार्गावर ओव्हरड्राइव्ह चालूच ठेवावा. वेग कमी असताना पेटी चौथा गिअर टाकतच नाही. चढावर ती तिसऱ्या-चौथ्यात घुटमळू लागली, गाडी पूर्ण भरलेली असली किंवा मागे काही ओढायचे असले, तर तो बंद करावा. लांब उतार सुरू होण्यापूर्वी, वेग आधी कमी करून, तो अवश्य बंद करावा. ओल्या निसरड्या रस्त्यावर मात्र भर वेगात हे बटण दाबू नये. इंजिनाची ओढ एकदम चाकांवर येते.

उताराचा प्रश्न जिवाशी निगडित आहे. उटीहून मेट्टुपाळयमला येताना गाडी सुमारे 1,900 मीटर खाली उतरते. माणसांसह 1,400 किलोची गाडी या उतरणीत सुमारे 26 दशलक्ष ज्यूल ऊर्जा सोडते. सुमारे 90 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला एवढी ऊर्जा पुरेल. काही भाग टायर आणि वारा घेतात. उरलेला भार इंजिन तरी पेलते, नाहीतर ब्रेक. सतत दाबलेले ब्रेक तापतात, त्यांची पकड क्षीण होते, आणि ते कळते तेव्हा समोर वळण असते. अशा तीव्र उतारावर केवळ ‘ओ/डी ऑफ’ म्हणजे तिसरा गिअरही अपुरा पडतो. दांडा ‘2’ किंवा ‘एल’वर आणावा लागतो. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम इथेही खरा आहे.

पेट्रोल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करण्याची आपल्याकडची सवयही याच कसोटीवर तपासावी. इंधन फवारणाऱ्या आधुनिक इंजिनात, गिअरमध्ये असताना पाय उचलला की इंधनाचा पुरवठा बहुतांशी तुटतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठी ते जळतच राहते. काटकसर आणि सुरक्षितता इथे एकाच बाजूला आहेत.

आज हे बटण लोपत चालले आहे. आठ गिअरच्या प्रचलित पेट्यांत सातवा आणि आठवा दोन्ही ओव्हरड्राइव्ह असतात, आणि संगणक चढ-उतार पुष्कळसे ओळखतो. भारतातही 2017-18 पासून मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर किलोमीटरमागे 130 ग्रॅमची आणि 2022-23 पासून 113 ग्रॅमची मर्यादा आली. संथ फिरणारे इंजिन ही आता कायद्याचीही गरज आहे. तरीही ‘एल’, ‘एस’ किंवा हाताने गिअर निवडण्याची सोय जवळजवळ प्रत्येक स्वयंचलित मोटारीत शिल्लक आहे. तिचे प्रयोजन 1934 च्या त्या मुठीचेच आहे. आपल्या मोटारीत ही सोय कोठे आहे, हे घाटमाथ्यावर पोहोचण्यापूर्वीच पाहून ठेवावे.