मठाराची कुळकथा

तांब्याच्या घंगाळावर ओळीने बसलेले चकचकीत खळगे म्हणजे नक्षी, असंच बहुतेकांना वाटतं. विकणारेही तसंच सांगतात. पण हे खळगे ठोकून पाडण्याच्या कामात, म्हणजे मठारकामात, शोभा ही वरकमाई. खरं काम भांड्याला ताठपणा आणण्याचं.

तांबं मुळात मऊ. ठोकत गेलं की पत्रा कडक होतो आणि हट्टाने ठोकत राहिलं की तडकतो. म्हणून तांबट मधेच भांडं भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतो. पोलादी पात्याला पाणी दिलं की ते कडक होतं, तांब्याचं उलट. ते आचेने नरम पडतं, पाणी नुसतं निववायला. ही युक्ती फार जुनी. तुर्कस्तानातल्या चायोन्यूच्या सुमारे १० हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत निसर्गात सापडणारं तांबं ठोकून केलेल्या वस्तू मिळाल्या. त्यांतल्या काहींवर तापवून नरम केल्याच्या खुणा आहेत. खनिजातून धातू गाळायची विद्या त्यानंतर बऱ्याच काळाने आली.

पुण्यात कोकणातून आलेल्या तांबटांना पेशवाईत आश्रय मिळाला आणि कसब्यात तांबट आळी वसली. हंडे, घंगाळं, बंब तिथलेच. मठाराची पाळी अगदी शेवटी येते, आणि मेख तिथेच आहे. भांड्याचे भाग झाळून जोडले की त्या आचेने पत्रा पुन्हा मऊ होतो. असा हंडा पाण्याने भरून उचलला तर काठ हातात दबायचा. म्हणून आचेचं सगळं काम उरकल्यावर गार भांडं लोखंडी खुंटावर चढवायचं आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोड्याने ठोक्याशेजारी ठोका द्यायचा. हातोडा पडतो एकाच जागी; दुसरा हात भांडं खळगाभर सरकवत राहतो. ओळ सरळ येते ती त्या दुसऱ्या हातामुळे.

ठोकून तांबं कडक का होतं, याचं कारण विज्ञानाला १९३४ साली उमगू लागलं. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या शास्त्रज्ञांनी आपापल्या परीने दाखवलं, की धातूच्या अणुरचनेत दोषरेषा असतात आणि त्या सरकतात म्हणून धातू वाकतो. ठोक्यांनी या रेषांची इतकी गर्दी होते, की त्या एकमेकींत अडकतात. चांगलं ठोकलेलं तांबं नरम तांब्याच्या जवळपास दुप्पट कठीण भरतं.

हल्ली यंत्राने नुसते खळगे उठवलेली भांडीही मिळतात. तेव्हा घेताना नक्षीवर जाऊ नका. जोडाशेजारी अंगठ्याने दाबून बघा. दबलं, तर परत ठेवा.